बारा फ्रेमांची कैफियत

महसूल खात्यात एकतीस वर्षे कारकुनी करून, आणि त्यांतील शेवटची सात अव्वल कारकुनाच्या खुर्चीत काढून मी निवृत्त झालो, तेव्हा बांध कोरल्याच्या तक्रारी, तसूभर जमिनीसाठी सख्ख्या भावांनी एकमेकांवर लावलेले दावे, फेरफाराच्या नोंदी आणि वारसांच्या न संपणाऱ्या याद्या यांतून आपली कायमची सुटका झाली, असा माझा भाबडा समज होता. याहूनही बारीक मापाने वाटणी करण्याचा एक व्यवहार जगात चालतो, त्यात सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यावरून सुशिक्षित माणसे रात्र-रात्र हुज्जत घालतात आणि तो व्यवहार एके दिवशी माझ्याच जेवणाच्या टेबलावर येऊन पसरणार आहे, हे भविष्य कोणा ज्योतिषाने वर्तविले असते, तर मी त्याला दक्षिणा न देताच वाटेला लावले असते.

माझी भाची पुण्यातल्या एका महाविद्यालयात मास कॉमचे शिक्षण घेते. तिथे शेवटच्या सत्रात चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून एका गाण्याचा व्हिडिओ तयार करावा आणि तो ठरल्या मुदतीत दाखल करावा, असा दंडक आहे. तदनुसार गटात खातेवाटप झाले. एक दिग्दर्शक झाला, एकाने कॅमेरा उचलला, एकाने गाणे रचण्याचा विडा घेतला, एकीचा गळा बरा होता म्हणून ती गायिका ठरली. आणि ज्या खात्यासाठी कोणाचाही हात वर गेला नाही ते संकलनाचे खाते, मंडळाच्या सभेला उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात चिटणिसी पडावी तसे, आमच्या भाचीच्या गळ्यात पडले. तिच्या घरी वीज लहरी, आणि आमच्याकडे इन्व्हर्टर. “मामा, फक्त दोन दिवस हं,” असे म्हणून तिने आमच्या टेबलावर जे बिऱ्हाड मांडले, ते एकोणीस दिवस हलले नाही. त्या काळात आम्ही उभयतांनी जेवणे मांडीवर ताट घेऊन उरकली.

माझा या प्रकरणाशी संबंध केवळ घरमालक म्हणून नव्हता, हे आधीच कबूल केलेले बरे. एक तर तरुणपणी मी चार वर्षे तबला शिकलो होतो. दोन कायदे आणि एका रेल्याच्या पलीकडे माझी प्रगती झाली नाही, परंतु मात्रा मोजण्याची खोड मात्र हाताला जन्माची जडली. दुसरे म्हणजे, व्हिडिओत मी स्वतः आहे.

चित्रण वेताळ टेकडीवर पहाटे झाले. गाणे विरहाचे होते, आणि विरहाला पार्श्वभूमी म्हणून एक एकाकी वृद्ध हवा होता. “काका, तुम्ही काहीच करू नका, नुसते विषण्ण बसा,” अशी आज्ञा दिग्दर्शकाने केली, आणि एकतीस वर्षे सरकारी खुर्चीचा अनुभव पाठीशी असल्यामुळे ती पार पाडताना मला कोणतेही सायास पडले नाहीत. मी दगडावर बसून क्षितिजाकडे पाहिले. कॅमेरावाल्याने माझ्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. “काका, हा शॉट चार सेकंद तरी राहणार,” असे आश्वासन दिग्दर्शकाने दिले. आश्वासन तोंडी होते. ज्याने हयात कागदांत घालविली त्याने त्याच वेळी लेखी मागून घ्यायला हवे होते.

पुढे गायिकेची पाळी आली. संथ गतीच्या चित्रात ओठ गाण्याशी जुळावेत यासाठी एक युक्ती योजतात, ती मला त्या पहाटेपर्यंत ठाऊक नव्हती. गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, गायिकेने दुप्पट वेगाने ओठ हलवायचे, आणि कॅमेऱ्याने सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास फ्रेमा टिपायच्या. नंतर तेच चित्र पंचविसाच्या चालीने दाखविले की ओठ बरोबर गाण्यावर पडतात आणि केस, ओढणी व धूळ मात्र स्वप्नात असल्यासारखी तरंगत राहतात. पडद्यावर हे फार हृद्य दिसते. प्रत्यक्षात, मुहूर्ताची घटिका टळू लागल्यावर भटजीबुवा मंगलाष्टके ज्या गतीने उरकतात त्या गतीने एक मुलगी आपल्या दुरावलेल्या प्रियकराला आळवीत आहे, आणि फिरायला आलेली मंडळी कुत्र्याचा पट्टा आवरून दुरून तिच्याकडे साशंक नजरेने पाहत आहेत, असे ते दृश्य होते.

एकंदर सहा तासांचे चित्रण जमा झाले. गाणे तीन मिनिटे वीस सेकंदांचे. म्हणजे एकवीस हजार सहाशे सेकंदांतून दोनशे निवडायचे. मी भागाकार केला आणि उत्तर बरोबर १०८ आले तेव्हा क्षणभर मला आध्यात्मिक समाधान वाटले. १०८ मणी ओढायचे आणि त्यांतला एक ठेवायचा! भाचीला या योगायोगाचे कौतुक वाटले नाही, कारण मणी तिला ओढायचे होते.

पहिले काम आवाज आणि चित्र यांची जुळणी. या कामाचा उगम कुठे आहे हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला, तेव्हा गाणारा आणि दिसणारा एकच असे, आणि साथीची पेटी-तबल्याची माणसे कॅमेऱ्याच्या नजरेआड दडून वाजवीत. पुढल्याच वर्षी कोल्हापुरात प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला, त्यातही गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे स्वतःच्याच गळ्याने गायिले. ओठ आणि आवाज एकत्र कुटुंबात नांदत होते. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’ चित्रपटात गाणे आधी ध्वनिमुद्रित करून ठेवले आणि नंतर त्याबरहुकूम ओठ हलवून घेतले; त्या दिवशी या घराण्याची वाटणी झाली. पार्श्वगायनाने आपल्याला काय काय दिले ते सर्वांना माहीत आहे. परंतु कोणत्याही वाटणीनंतर हद्दीचा वाद यायचाच, आणि तो मिटविण्यासाठी जो मोजणीदार नेमावा लागला त्याचे नाव संकलक.

मोजणीची खूण म्हणून चित्रणाच्या आरंभी पाटीची फळी वाजवितात. फळी मिटलेली दिसते ती फ्रेम आणि ‘टक्’ ऐकू येतो तो क्षण एकावर एक ठेवले की पुढचे सगळे जुळून येते. आमच्या मंडळींनी पाटी घरी विसरून हाताची टाळी वाजविली. त्याच वेळी पन्नास पावलांवर ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब भरला होता, आणि हास्यक्लबात हसण्याइतक्याच टाळ्याही वाजवितात. भाचीने आवाजाचा आलेख उघडला तेव्हा एका चित्रणाच्या आरंभी तिला एकसारखी अकरा शिखरे दिसली. त्यांपैकी अधिकृत टाळी कोणती, याचा तपास करण्यात एक दुपार गेली. पंचनाम्याला मी हजर होतो. सातवी टाळी आपली, असा निष्कर्ष मी साधार काढला. ती निघाली एका सद्गृहस्थांची, आणि त्यांच्या टाळीबरहुकूम गायिका पहिले कडवे मिटल्या तोंडाने गायिली.

ते मार्गी लागले तरी एका शॉटात ओठ हट्टाने आवाजाच्या पुढे धावत होते. या भुताचा उलगडा भाचीनेच केला, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. तो शॉट समोरच्या कडेवरून, सुमारे सत्तर मीटर अंतरावरून झूम करून घेतलेला होता. स्पीकर गायिकेपाशी, माइक कॅमेऱ्यापाशी. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो; सत्तर मीटर यायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागला, म्हणजे झाल्या पाच फ्रेमा. कॅमेऱ्याने ओठ तत्काळ टिपले आणि गाणे पाच फ्रेमा उशिरा ऐकले. तिने तेवढ्या फ्रेमा सरकविल्या आणि भूत उतरले. आपले कान या बाबतीत पक्षपाती आहेत, असेही तिने मला सांगितले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकाप्रमाणे आवाज चित्राच्या पुढे पंचेचाळीस मिलिसेकंद गेला की माणसाला खटकू लागतो, मागे राहिला तर मात्र सव्वाशेपर्यंत पत्ता लागत नाही. मला हे तत्काळ पटले. पलीकडच्या काठावर धुणे आपटलेले आधी दिसते आणि आवाज मागून येतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. आधी आवाज आणि मागून धुणे हे मात्र अजून कोणी पाहिलेले नाही.

आता मुख्य वादाकडे येतो.

गाणे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत, केरव्याच्या अंगाने बांधलेले होते. दोनशे सेकंदांत चारशे मात्रा; आठ-आठ मात्रांची पन्नास आवर्तने; पन्नास समा. एवढा हिशेब मी बोटांवर केला तेव्हा गटातल्या मुलांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिले. पण पुढच्याच पायरीला गणित अडले. सेकंदाला पंचवीस फ्रेमा आणि दोन मात्रा, म्हणजे मात्रेला साडेबारा फ्रेमा. आणि अर्धी फ्रेम ही वस्तू सृष्टीत नाही! पूर्वी चोवीस तसूंचा एक गज असे. सिनेमावाल्यांचा सेकंदही चोवीस फ्रेमांचा, तिथे मात्रेला बारा येऊन वाटणी निर्वेध झाली असती. परंतु कॅमेरावाल्याने दूरचित्रवाणीच्या पद्धतीने पंचवीस लावून ठेवले होते, आणि झालेल्या खरेदीखताला आता हरकत घेऊन उपयोग नव्हता. सबब भाचीने तोड काढली: एका मात्रेला बारा फ्रेमा, पुढचीला तेरा, पुन्हा बारा, पुन्हा तेरा. थोरल्याला एक तसू अधिक आणि धाकट्याला एक उणा, अशा कित्येक वाटण्या मी पाहिल्या आहेत, त्या टिकतात.

मग तिने गाणे लावले आणि प्रत्येक मात्रेवर ‘एम’ अक्षराची कळ दाबीत चारशे खुणा केल्या, आणि त्या चारशेही खुणांवर कात्री चालविली. दर अर्ध्या सेकंदाला नवा शॉट. गायिका, झाड, पाय, आभाळ, गायिकेचा डावा डोळा, कुत्रा, पुन्हा पाय. मूठभर राई कोणी डोळ्यांवर फेकावी तसा तो अनुभव होता. मुलांना तो बेहद्द आवडला. “एकही बीट सोडलेली नाही, बघा!” असे संगीतकार म्हणाला. ते खरे होते. माझा चार सेकंदांचा शॉट या तडाख्यात तेरा फ्रेमांचा उरला होता, हेही खरे होते.

मी घसा खाकरून माझे म्हणणे दाखल केले. मैफलीत बसलेला जाणता श्रोता प्रत्येक मात्रेला मान हलवीत नाही, असे मी म्हणालो. तसा हलविणारा असतो, पण त्याला शेजारचे लोक पाणी देतात. गवई आवर्तनभर इकडे तिकडे हिंडून येतो, खालीवरून पुढे सरकतो, आता हा चुकणार की काय अशी शंका येऊ देतो, आणि मग समेवर असा येऊन बसतो की सगळ्या सभेची मान एकदम लवते. त्या लवण्याला किंमत आहे ती मधल्या सात मात्रा आपण मान रोखून धरली म्हणून. तुमच्या संकलनात प्रत्येक मात्रा समेचा रुबाब मिरवते आहे. गावात जो तो पाटील म्हणवू लागला तर चावडीवर बसायचे कोणी? तेव्हा कात्री समेसाठी राखा. पन्नास समा, पन्नास शॉट, प्रत्येकी—

“प्रत्येकी चार सेकंद,” भाचीने वाक्य पुरे केले. “मामा, तुझा शॉट कापला म्हणून चाललंय ना हे सगळं शास्त्र?”

आरोप खरा होता. पण ज्या शास्त्राच्या मुळाशी कोणाचा तरी कापलेला शॉट नाही, असे शास्त्र मला तरी आढळलेले नाही. आणि हितसंबंधी साक्षीदाराची साक्षही खरी असू शकते, एवढे तर कोर्टसुद्धा मानते.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे एक पुस्तक आणून टाकले. हॉलिवुडचे संकलक वॉल्टर मर्च यांचे हे पुस्तक, पापणी लवण्यावर नाव बेतलेले, १९९५ साली निघाले. कात्री कुठे लावावी याचे त्यांनी सहा निकष दिले आहेत आणि त्यांना टक्के वाटले आहेत. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०. उरलेले सोळा नजरेचा ओघ आणि जागेचे भान यांत विभागलेले. भावनेला ५१ म्हणजे साधे बहुमत; बाकी पाचांनी युती केली तरी सरकार पडायचे नाही. माणसाचा एक विचार पुरा होतो तिथे पापणी लवते, आणि चित्रपटातली कात्री ही तशीच एक पापणी आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते वाचून मी दोन दिवस बायकोच्या पापण्यांवर नजर ठेवली आणि डोळ्यांत काही गेले आहे का, अशी विचारणा ओढवून घेतली. याच पुस्तकात कॉपोलाच्या ‘अपॉकॅलिप्स नाऊ’ चित्रपटाचा हिशेब आहे: साडेबारा लाख फुटांची फीत, सुमारे २३० तास, आणि पडद्यावर आलेल्या प्रत्येक मिनिटामागे न आलेली पंच्याण्णव. भाचीने हा आकडा गटाला कळविला. आपण १०८ वर आहोत, म्हणजे कॉपोलालाही मागे टाकले, या आनंदात त्या रात्री सर्वांनी आमच्याकडे भेळ खाल्ली.

एवढे खरे की त्यानंतर तिची कात्री बदलली. ती खुणांकडे कमी आणि गायिकेच्या चेहऱ्याकडे अधिक पाहू लागली. ऐन मात्रेवर केलेला कट डोळ्याला उशिरा झाल्यासारखा वाटतो, नवे चित्र उमगायला नजरेला अवधी लागतो, म्हणून दोन फ्रेमा आधी कापावे, असा तिचा तिनेच शोध लावला. रात्री दोन वाजता उठून मी पाणी प्यायला गेलो की अंधारात तिचा उजळलेला चेहरा दिसे, आणि ती एकच अर्धा सेकंद तीस-तीस वेळा पाहत असे. पहिल्या दिवशी काम टळावे म्हणून तोंड लपविणारी ती हीच का, असे मला वाटे. मी काही बोललो नाही. दूध गरम करून ठेवले.

मुदत संपायला दोन दिवस उरले असताना संगीतकाराकडून नव्याने मिक्स केलेले गाणे आले. सोबत निरोप होता: “थोडंसं उडतं केलंय.” हे ‘थोडंसं’ म्हणजे १२० च्या जागी १२२. वाचकांपैकी जे गाणारे-वाजविणारे असतील ते म्हणतील, एवढ्याने काय होते? कानाला काहीच होत नाही. परंतु चारशे मात्रा पूर्वी दोनशे सेकंदांत होत, त्या आता सव्वातीन सेकंद आधीच संपल्या. आरंभी चित्र आणि गाणे हातात हात घालून निघाले, पहिल्या कडव्यापाशी त्यांच्यात जुन्या काळच्या नवराबायकोइतके अंतर पडले, आणि शेवटी तर गाणे घरी जाऊन पोचले तरी गायिका टेकडीवर ओठ हलवीतच होती. गाणे यंत्राने ताणून पूर्ववत १२० चे करावे, अशी सूचना मी केली. तसे केल्यास त्याचा आत्मा जाईल, असे संगीतकाराने कळविले. दोन मात्रांत राहणारा आत्मा मी प्रथमच पाहत होतो. पण गाणे हे हुजूर आहे आणि चित्र रयत. लहर हुजुरांची आणि फेरमोजणी रयतेची, हा शिरस्ता मला नवा नव्हता.

भाची अर्धा तास रडली, मग तोंड धुऊन बसली, आणि तिने साऱ्या टाइमलाइनची नवी जमाबंदी केली. आता मात्रेला १२.३ फ्रेमा, म्हणजे दहा वारसांपैकी सातांच्या वाट्याला बारा आणि तिघांना तेरा.

मुदतीच्या दिवशी चाळीस मिनिटे आधी व्हिडिओ दाखल झाला, आणि पुढल्या आठवड्यात महाविद्यालयाच्या सभागृहात तो दाखविला तेव्हा आम्ही सहकुटुंब हजर होतो. दुसऱ्या कडव्यानंतर एक जागा आहे. तिथे गाण्याचे शब्द थांबतात, बासरी एकटीच राहते, आणि पडद्यावर गायिकेचा चेहरा येतो. तो जातच नाही. एक आवर्तन गेले, तिने दुसरेही जाऊ दिले. सोळा मात्रा, जवळजवळ आठ सेकंद, कात्रीचा स्पर्श नाही. मुलगी काही करीत नाही, नुसती दूर पाहते. मग सम आली, चित्र बदलले, आणि माझी मान माझ्या नकळत लवली. शेजारच्या दोन-तीन रांगांतही काही माना हलल्या. माझे शास्त्र भाचीने मान्य केले होते. त्याचा लाभ मात्र तिने दुसऱ्याच वारसाच्या नावे लावला होता.

ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, मला पडद्यावर पाहिलेच नाही. ती त्या वेळी पर्समधून चष्मा काढीत होती.

नव्या जमाबंदीत माझा शॉट बारा फ्रेमांचा आहे. पूर्वीची तेरावी फ्रेम १२२ च्या लयीत गेली, तिच्याबद्दल अपील करण्याचा माझा इरादा नाही. ज्यांच्या पाहण्यात हा व्हिडिओ येईल त्यांना एवढीच नम्र विनंती आहे की, १ मिनिट ५२ सेकंदांच्या सुमारास दगडावर बसलेला एक विषण्ण गृहस्थ दिसेल, तो येऊन जाईपर्यंत कृपा करून पापणी लवू देऊ नये.